सटवाचा फास

शाळू निसवायला लागला की युसूफ वडगावच्या शिवारात दोन पाहुणे हटकून येत. एक हरणांचा कळप आणि दुसरा सिदू पारधी. हरणांना कुणी बोलावत नसे. सिदूला मात्र मोहनराव पाटील निरोप धाडत, गायरानावर पालं ठोकायला जागा देत, ठाण्यात त्याच्या माणसांना जामीन राहत आणि खळं झालं की ज्वारी घालत. बदल्यात सिदूनं पिकातून कळप हलवायचा. कैक वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणी कुणावर उपकार करतंय असं दोघांनाही वाटत नव्हतं.

त्या साली मात्र पाटील घायकुतीला आले होते. आदल्या वर्षी मानमोडीची साथ येऊन गेली होती. घरटी एक-दोन माणसं गेलेली. राखणीला माणूस उरला नव्हता, रानातली मचाणं रिकामी पडली होती, आणि हरणं काही खुळी नसतात. ती दिवसाढवळ्या शाळूत उभी राहून खायला लागली.

सोमवारी सकाळी पाटील स्वतः पालांपाशी आले. सिदू उन्हाला बसून मांडीवर फासासाठी हरणाच्या शिरा वळत होता.

"बाबा, माळावरचं धा एकर साफ केलं की तुमच्या देवांनी!"

"देव न्हाईत ते, पाटील. पोटं हायेत. तुमच्या-आमच्यावानी."

"ते मला नगा सांगू. पुढच्या सोमवारपातूर कळप हलला न्हाई तर पालं उचला. गाव माझ्या नावानं शिमगा करतंय. म्हणतंय, पाटील पारधी पोसतो अन् शाळू हरणाला चारतो."

"सोमवार तर सोमवार," सिदू म्हणाला. त्याचे हात थांबले नाहीत.

सिदू सत्तरीचा होता. दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. उजेड कुठून येतो तेवढं कळे, बाकी सगळं हातांवर. पण हात असे, की सगळ्या बालाघाटात त्यांचं नाव होतं. गाभण हरणी, दुधावरचं पाडस आणि कळपाचा म्होरक्या नर फासात घावला तरी सोडून द्यायचा, ही पारध्यांची रीत. म्होरक्या दिसतो. पाडस दिसतं. गाभण हरणी मात्र पहिले दोन-तीन महिने डोळ्यांना दिसत नाही, ती हातानंच ओळखावी लागते. आणि ते शिकवणारा धारूरच्या घाटापासून आष्टीपर्यंत एकच माणूस होता.

दसरा झाला की नवी लग्नं झालेले गडी त्याच्याकडे येऊन राहत. सिदू त्यांना फासाला हात लावू देत नसे. बाजारच्या दिवशी त्यांना शेळ्यांत घेऊन जाई आणि एकेका शेळीच्या पोटावर हात ठेवायला लावी. धनगर आधी हसत, मग हळूच आपली शेळी पुढं करून विचारत, "बाबा, हिचं काय?" सिदूचा पहिला धडा एकच असे. हात आधी काखेत धरायचे आणि शंभर मोजायचं. ज्याला शंभर येत नाही त्यानं बोटांची पेरं मोजायची. "गार हाताला पोट खरं सांगत न्हाई," तो म्हणे. आणि दर हरणीला हेच पुन्हा. एक झाली म्हणून दुसरीला सूट नाही.

फास करायचं कामही तसंच जिकिरीचं. हरणाच्या पाठीची शीर काढायची, वाळवायची, दगडानं कुटून धागा सुटा करायचा आणि मांडीवर वळायचा. मांडीवरचे केस जाऊन कातडं घोट्यासारखं टणक होतं. सिदूच्या घरात साठ फास होते. ते व्हायला चार वर्षं लागली होती. बायकांनी त्यांना हात लावायचा नाही. आणि ज्यानं गाभण हरणी मारली त्याचे फास पंचांपुढं जाळायचे. जाळायचं काम शिकवणाऱ्याचं. सिदूनं ते आयुष्यात एकदाच केलं होतं. ते फास त्याच्या धाकट्या भावाचे, सटवाचे होते. वीस वर्षं झाली त्याला. तेव्हापासून सिदूनं सटवाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

मंगळवारी तांबडं फुटायच्या वेळी सिदूच्या मुलानं, उत्तरेश्वरनं, दोन ओढ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत फास मांडले. लांब दोरीला हात-हात अंतरावर एकेक फास, दोरीला खुंट्या, खुंट्या जमिनीत ठोकलेल्या, वर पाचोळा. मग तो, त्याची बायको छबुबाई आणि शेजारच्या दोन पालांतली माणसं मोठा वळसा घालून शाळूच्या पलीकडे गेली. ओरडायचं नाही, पळायचं नाही. नुसतं खाकरत, कधी एखादं ढेकूळ टाकत चालायचं. हरणं माना वर करतात, चार पावलं सरकतात, पुन्हा खातात. असं करत करत ती स्वतःच्या मनानं चालली आहेत असं त्यांना वाटलं पाहिजे. शेवटच्या शंभर पावलांवर मात्र सगळ्यांनी एकदम हाळी दिली आणि कळप उसळला.

तीन घावली. एक तरणा नर, दोन हरण्या. बाकीचा कळप ओढा ओलांडून गेला खरा, पण पलीकडच्या टेकाडावर जाऊन उभा राहिला.

सिदू फासांच्या कडेला काखेत हात धरून बसला होता. वारं असं होतं की बोटं तुटून पडावीत. तेवढ्यात बांधावरून पाटील आले. त्यांच्याबरोबर तहसिलीतला एक पाहुणा होता. डोक्यावर तुर्की टोपी, अंगात लांब शेरवानी. हुरड्याला म्हणून आला होता. उत्तरेश्वरनं पहिली हरणी दाबून धरली आणि बापाला हाक मारली.

"ये अंधा क्या देखता जी?" पाहुण्यानं विचारलं.

"बघा तर खरं," पाटील म्हणाले. आपल्या घरची वस्तू दाखवावी तसे ते बोलले.

सिदूनं हरणीच्या पोटाखाली हात घातला. डोकं खाली घातलं. बराच वेळ तो तसाच होता. "सोड," तो म्हणाला.

उत्तरेश्वरनं फास सैल केला. हरणी उठली, एकदा कोलमडली आणि उड्या घेत गेली. पाहुणा पोट धरून हसायला लागला. "हाथ में आई सो छोड दी! पाटील, तुमचे पारधी दिवाने हो गए!"

पाटलांचा चेहरा पडला. "बाबा, माझं पीक खाऊन माजलेली हरणी, अन् माझ्याच म्होरं सोडता व्हय?"

सिदूला ते लागलं. पाटलांचं बोलणं त्यानं कितीदा ऐकलं होतं, पण परक्या माणसाचं ते हसणं त्याच्या अंगात घुसलं. उघड्यावर राहून हात गार पडले होते. ते परत काखेत धरायचे, शंभर मोजायचं. तेवढ्या वेळात तो माणूस आणखी हसला असता. सिदूनं दुसऱ्या हरणीच्या पोटावर तसाच हात ठेवला आणि लगेच उचलला.

"ठेव."

उत्तरेश्वरनं एकदा बापाकडे पाहिलं. मग त्यानं सुरी काढली.

पाटलांच्या घरी मांसाचा एक फरा गेला. नर उत्तरेश्वरनं सोलायला घेतला आणि हरणी छबुबाईकडे आली. ओढ्याच्या काठी बाभळीखाली ती बसली. तिच्या दोन पोरी पालात होत्या. आठ दिवसांत त्यांच्या पोटात कण्यांच्या पेजेशिवाय काही गेलं नव्हतं. कोथळा बाजूला काढताना तिचा हात थबकला. पिशवी जड होती. तिनं सुरीच्या टोकानं ती उघडली.

आत पाडस होतं. चार बोटांचं. खूर मेणासारखे मऊ, डोळे मिटलेले.

छबुबाई किती वेळ तशीच बसली कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांपुढं पाडस नव्हतंच, साठ फास होते. ते जळाले तर कळप कसा हलवायचा? कळप हलला नाही तर पालं उचलायची, पाटलांची जामीनकी गेली म्हणजे कुठल्याही फौजदारानं नवऱ्याला उचलून न्यावं. आणि फास पुन्हा व्हायला चार वर्षं. म्हाताऱ्याला तेवढी मिळतील का? तिनं इकडंतिकडं पाहिलं, बाभळीच्या मुळाशी सुरीनं खड्डा केला आणि पाडस पुरलं. वर दगड ठेवला. हात वाळूनं घासले.

पण एक गोष्ट राहिली होती. दर हरणी कापली की तिची पिशवी धुऊन सिदूकडे न्यायची, ही त्यानं स्वतःवर घालून घेतलेली रीत होती. तो ती हातात घेई, बोटांनी चाचपे, रिकामी आहे म्हणे आणि मग ती पुरून टाकी. आपला हात खरा होता, याची रोज नव्यानं खात्री करून घेतल्यासारखं. छबुबाईनं पिशवी तीनदा धुतली, पिळली आणि दुपारी त्याच्या तळहातावर ठेवली.

सिदूनं ती दोन्ही हातांत घेतली. कातडीवरून चुकलेला हात उघड्या पिशवीवर कसा चुकेल? जाड झालेली, ताणलेली, एका बाजूला फुगून सैल पडलेली. त्याची बोटं तिच्यावरून गेली आणि त्याच जागी परत आली. छबुबाई उभी होती. तिला वाटलं आता बोलेल. त्यानं "रिकामी" असंही म्हटलं नाही. त्या दिवशी त्यानं मांसाला हात लावला नाही. दात दुखतो म्हणाला.

बुधवारी उजाडल्यावर त्यानं सुनेला हाक मारली.

"छबू, कुठं पुरलंस?"

तिनं काठीचं टोक धरलं आणि त्याला ओढ्याकाठी नेलं. सिदूनं स्वतः दगड बाजूला केला, बोटांनी माती उकरली. पाडस तळहातावर घेऊन बोटं लावून मोजलं. मग त्यानं ते परत ठेवलं आणि माती सारखी केली.

"मामा, माझं चुकलं," छबुबाई रडत म्हणाली. "पोरींकडं बघून केलं."

"तुझं कुठं चुकलं? तू लपवलंस. चुकला हा." त्यानं उजवा हात वर केला आणि जणू तो दुसऱ्याचा आहे असा बाजूला धरला.

उत्तरेश्वरला कळलं तेव्हा तो चिडला. "आबा, कुनी पाह्यलं? कुनाला ठावं हाय? झाकली मूठ हाय, ती ऱ्हाऊ द्या. साठ फास जाळून खायाचं काय? राख?"

"मला ठावं हाय."

"अन् पाटलाचं काय? सोमवार काय लांब न्हाई."

सिदू काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "छपन्याच्या दुष्काळात सटवानं आसंच पाडस आनलं हुतं. पटक्यात गुंडाळून. त्याला बी कुनी पाह्यलं नव्हतं. त्यानं स्वतः आनलं. म्हणला, दादा, मला कळलं न्हाई. तीनदा म्हणला. मी म्हणलं, सटवा, हात खोटं बोलत न्हाई, तू बोलतूस. भुकेपायी मारली म्हण, मी आयकतो. त्यो म्हणला न्हाई. कारण तसं नव्हतंच."

वीस वर्षांनी भावाचं नाव त्याच्या तोंडून आलं होतं. सटवाचं पुढं काय झालं ते उत्तरेश्वरला ठाऊक होतं. फास जळाल्यावर सटवा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि त्याच उन्हाळ्यात पटकीनं मेला. लबाड म्हणून मेला. त्याची बायको भिवराबाई धारूरच्या घाटाखाली तिच्या माहेरच्या पालांत राहत होती. दिराच्या पालात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

पारध्याला गाव सोडायला पाटलांची चिठ्ठी लागे. ती नसली तर वाटेत कुणीही अडवावं. पाटील वाड्याच्या ओसरीवर दाढी करून घेत होते. सिदूनं खाली उभं राहून सांगितलं, धारूरला पंचांकडं जायचं आहे.

"आत्ता? कळप टेकाडावर हुबा हाय अन् तुमी पंचायतीला निघालात? कावून?"

"माझ्या हातून पाप झालंय, पाटील. काल दुसरी हरणी ठेवली, ती गाभन हुती."

पाटलांनी न्हाव्याचा हात बाजूला सारला. खरोखर समजून घ्यावं असं त्यांना वाटलं असावं. "बाबा, आवो त्या हरणीनं माझा शाळू खाल्ला. तिच्या पोटातलं उद्या खाल्लं आसतं. ह्यात पाप कसलं?"

"तुमचं न्हाई. आमचं हाय."

"मुदत वाढनार न्हाई बरं. मला गावाला तोंड दावायचंय."

"कबूल."

चिठ्ठी मिळाली. सिदूनं साठही फास दोरीसकट गुंडाळून डोक्यावर घेतले. उत्तरेश्वर मागं राहिला. गोफण घेऊन दिवसभर शाळूच्या कडेनं धावत राहायचं एवढंच त्याच्या हाती होतं. बापाला तो निरोप द्यायलाही आला नाही. सिदूच्या पुढं काठीचं टोक धरून छबुबाई चालली. म्हातारा सावलीला बसायचा तेव्हाही गाठोडं खाली ठेवत नसे, मांडीवर घेई. गुरुवारी ऊन कलायच्या आत घाट दिसायला लागला, म्हणजे छबुबाईला दिसायला लागला. सिदूला चढ पायांना कळला.

"हितंच बसलो हुतो त्या दिवशी," तो मधेच म्हणाला. "फास जाळून परत येताना. मला वाटलं हुतं, लई मोठं काम केलं."

घाटाखालच्या पालांत त्याला सगळे ओळखत होते. निम्मे गडी त्याच्या हाताखाली शिकलेले. पाण्याचा तांब्या आला, घोंगडी आली. सगळ्यांत वयस्क पंच धोंडीराम, तोही पेरं मोजून शंभर शिकलेलाच. शुक्रवारी सकाळी लिंबाखाली माणसं बसली. सिदूनं गाठोडं पुढं ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं. वारं, पाहुणा, त्याचं हसणं, सगळं.

धोंडीरामनं मान हलवली. "बाबा, तुमचं वय झालं. थंडी हुती. हात गारठले आसतील. देवीला कोंबडं देऊ अन् हितंच मिटवू. तुमचे फास जाळायला हितं कुनाचा हात उचलंल?"

"खरं हाय," दोघंतिघं म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि आपल्या शिकवणाऱ्याचा हात चुकला असेल तर आपले किती चुकले असतील, ही भीतीही त्यात होतीच.

बायका मागं बसल्या होत्या. त्यांतून एक बाई उठली. डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. भिवराबाई. थोरल्या दिराशी भावजयीनं सरळ बोलायचं नाही, म्हणून ती छबुबाईसमोर येऊन उभी राहिली.

"छबू, तुझ्या सासऱ्याला इचार. थंडी हुती म्हणून हात चुकला. मग दुष्काळात, आठ दिवसांच्या उपाशी मानसाचा हात चुकंल का न्हाई?"

छबुबाईनं सासऱ्याकडे पाहिलं. तिला विचारावं लागलं नाही.

"चुकंल," सिदू म्हणाला.

"छबू, त्याला इचार. माझा मालक त्या दिवशी तीनदा बोलला. ते काय हुतं?"

सिदू उठायला लागला. धोंडीराम हात द्यायला पुढं झाला, त्यानं तो नाकारला. काठीवर भार टाकून तो उभा राहिला आणि जिथून आवाज येत होता तिकडं तोंड केलं.

"सटवा खरं बोलला. मीच खोटा. मी त्याला इचारलं सुद्धा न्हाई, सटवा, तुझं हात कापत हुतं का. मला वाटलं माझा हात चुकत न्हाई, म्हणून मी शिकवल्याला बी चुकायचा न्हाई. माझ्या भावाला मी लबाड ठरवून मारलं. हे सगळ्यांनी आयका. अन् फास जाळा."

भिवराबाई रडली नाही. इतकी वर्षं जे ऐकायला ती जगली होती ते ऐकून झाल्यावर तिला काय वाटलं, हे तिलाच माहीत. तिनं पदर मागं सारला आणि पहिल्यांदाच दिराकडे थेट पाहिलं.

"जाळा," ती म्हणाली.

जाळायचं काम शिकवणाऱ्याचं. सिदूनं स्वतःच चूल पेटवतात तसा पाचोळा रचला आणि गाठोडं त्यावर ठेवलं. शिरा लगेच पेट घेत नाहीत. आधी आखडतात, वेटोळी होतात, मग फुटतात. जळक्या केसांसारखा वास सगळीकडे भरला. सिदू इतका जवळ बसला होता की त्याच्या दाढीचे केस करपले. छबुबाईनं त्याला मागं ओढलं.

राख व्हायला दुपार झाली. माणसं पांगली. भिवराबाई आपल्या पालात गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी होतं. छबुबाईचा हात धरून तिनं ते त्यात कोंबलं. तो एक फास होता. जुना, काळा पडलेला, पण तेल लावून मऊ ठेवलेला.

"अगं काकी, फासाला बायकांनी..." छबुबाई दचकली.

"ठावं हाय. फास जाळले त्यो दिवस मला बी ठावा हाय." भिवराबाई म्हणाली. "आमची कोंबडी पळत हुती म्हणून मालकानं तिच्या पायाला ह्यो बांधला हुता. जाळताना कुनाच्या ध्यानात न्हाई आला. मी बोलले न्हाई. मी बी लपवलाच की."

सिदूनं हात पुढं केला. भिवराबाईनं छबुबाईला तो त्याच्या हातात देऊ दिला. त्याची बोटं वळावरून फिरली आणि गाठीवर थांबली. गाठ त्यानंच बांधली होती. सटवाच्या लग्नात त्यानं वीस फास वळून दिले होते, त्यांतला हा.

"ह्यो तुमचा न्हाई," भिवराबाई त्याला म्हणाली. सरळ त्यालाच म्हणाली. "सटवाचा हाय. ह्यात जे घावंल त्याच्या पोटावर तुमी हात ठेवायचा न्हाई. छबूनं ठेवायचा. जिनं पोरं पोटात वागवली तिला जास्ती कळतं. कबूल आसंल तर न्या."

सत्तर वर्षांत सिदूला असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फास परत सुनेच्या हातावर ठेवला.

"कबूल," तो म्हणाला.

रविवारी कलत्या उन्हात ती दोघं वडगावच्या शिवारात पोहोचली. उत्तरेश्वरचे पाय सुजले होते, खांदा गोफणीनं आंबला होता. कळप रोज पहाटे येत होता. एक फास पाहून तो कडवट हसला. "चाळीस एकराला एक फास! पाटील पोट धरून हसंल."

"हसू दे," सिदू म्हणाला. "ओढ्याच्या काठाला बोराटीची जाळी हाय, तिच्यातनं बिळावानी एक वाट हाय. म्होरक्या आधी तिथून जातू, त्याच्या मागं हरण्या. तिथं मांड."

सोमवारी तांबडं फुटलं. उत्तरेश्वरनं मांडलं, सगळी वळसा घालून खाकरत चालली. शेवटी हाळी दिली. म्होरक्या उडी मारून गेला. पाठोपाठ दोन हरण्या सुटल्या. तिसरीचा पाय अडकला.

पाटील बांधावर उभे होते. आज बरोबर पाहुणा नव्हता. मुदत संपल्याचं सांगायला आले होते आणि ते सांगायला त्यांना बरं वाटत नव्हतं. उत्तरेश्वरनं हरणी दाबून धरली आणि सवयीनं हाक मारली, "आबा!"

सिदू हलला नाही. त्यानं स्वतःचे दोन्ही हात काखेत घट्ट धरले. "छबू," तो म्हणाला, "शंभर."

छबुबाई गुडघ्यांवर बसली. लुगड्याच्या आत काखेत हात धरले आणि पेरं मोजता येईनात म्हणून ओठांनी मोजत राहिली. हरणीचा ऊर भात्यासारखा चालला होता. सूर्य बांधावर आला. मग तिनं हात बाहेर काढले आणि पोटाखाली घातले. सगळे तिच्याकडे पाहत होते. पालात पोरी उपाशी होत्या. मंगळवारचं मांस कधीच संपलं होतं. उत्तरेश्वर दातओठ खात होता, म्हण, ठेव म्हण. छबुबाईला ते न बघताही कळत होतं.

"सोडा," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं बापाकडे पाहिलं. "आबा, तुमी एकदा..."

"ती काय म्हणली, आयकलं न्हाईस?"

फास सैल झाला. हरणी गेली. उत्तरेश्वर तिथंच मातीत बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं.

पाटील घसा खाकरून म्हणाले, "बाबा, शब्द म्हणजे शब्द. गावानं..."

"उचलतो पालं," सिदू म्हणाला. "तुमचा दोष न्हाई, पाटील. आमी हलवायला आलतो, कळप हलला न्हाई."

पालं उचलायला वेळ लागत नाही. ऊन चढायच्या आत गायरान मोकळं झालं. चुलींचे दगड आणि मुतलेल्या मातीचा ओला डाग, एवढंच मागं राहिलं. पाटलांनी गडी पाठवून शेरभर कण्या दिल्या. त्याही उत्तरेश्वरनं मुकाट्यानं घेतल्या. पुढं पोरी, मग गाढव, मग उत्तरेश्वर. शेवटी काठीचं एक टोक धरून छबुबाई आणि दुसरं धरून सिदू. फास छबुबाईच्या कमरेला खोचलेला होता. पुढचा मुक्काम कुठं, जामीन कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ओढा ओलांडल्यावर सिदूनं काठी ओढली. छबुबाई थांबली.

"छबू, काय लागलं हाताला? सांग मला."

"मामा, मी काय सांगनार तुमाला?"

"सांग. मी शिकतूय आसं समज."

छबुबाईनं विचार केला. "आधी काईच न्हाई लागलं. पोट म्हणजे पोट. मग डाव्या कुशीला खाली, थोडं जास्ती ऊन लागलं. बाकीच्यापेक्षा जास्ती. तिथं मी दोन बोटं जराशी दाबली अन् धरली. तर आतून कायतरी दूर गेलं, अन् मग हळूच परत येऊन बोटाला लागलं. मला थोरलीच्या वेळी सुईणीनं माझ्याच पोटावर दावलं हुतं, त्याच्यावानी."

"दाबून धरायची," सिदू म्हणाला. "मी कधी धरली न्हाई. हात फिरवायचो नुसता." त्यानं आपली दोन बोटं दुसऱ्या तळहातावर टेकवली, दाबली आणि थांबवली. पोरी आणि गाढव पार पुढं गेली होती. उत्तरेश्वर वळून हाका मारत होता.

"मामा, चला. ऊन होतंय."

"चालतो," सिदू म्हणाला. बोटं तशीच होती. "पहिल्यापासनं सांग. अजून एकदा."